तिखट की मध्यम?

समजा, संध्याकाळचे सात वाजलेत. तुम्ही पुण्यात कंपनीच्या बसमध्ये बसून अंगठ्याने स्टोऱ्या पुढे ढकलताय. कुणाचा वाढदिवस, कुणाचं कास पठार, कुणाची नवी गाडी. आणि मध्येच सांगलीतल्या एका भडंगवाल्याची कढई. लसणीच्या पाकळ्या तांबूस झाल्यात, कढीपत्ता तडतडतोय, शेंगदाण्यांवर लाल तिखट पडतंय, आता चिरमुरे येणार. खाली दोन चौकोन. एकात ‘तिखट’, दुसऱ्यात ‘मध्यम’. तुम्ही एक दाबता.

का दाबलंत हो?

कुणी पैसे दिले नाहीत. भडंगाचं पुडकं घरी येणार नाही. तुमच्या मतामुळे त्या कढईतलं तिखट चिमूटभरही कमी-जास्त होणार नाही. जो अंगठा जाहिरात दिसली की पाचव्या सेकंदाला ‘स्किप’वर जातो, तोच इथे थांबला आणि फुकटात काम करून पुढे गेला! मला तर हे फार मोठं नवल वाटतं. त्या दोन चौकोनांत असं काय भरलंय?

यंत्र म्हणून पाहिलं तर पोल अगदी कालपरवाचा. ट्विटरने तो २०१५च्या ऑक्टोबरमध्ये आणला, इन्स्टाग्रामच्या स्टोरीत तो २०१७च्या ऑक्टोबरमध्ये चिकटला आणि व्हॉट्सॲपवर यायला २०२२चा नोव्हेंबर उजाडला. आज दुकान छोटं असो की मोठं, पेढ्याचं असो की बेदाण्याचं, ‘एक पोल टाकून बघू’ हे वाक्य तिथे ऐकू येतंच.

आता त्या चौकोनांकडे जरा नीट बघा. दाबायच्या आधी इन्स्टाग्रामच्या पोलवर एकही आकडा नसतो. दाबलं की पट्टी सरकते आणि ६३ टक्के, ३७ टक्के असं काहीतरी उमटतं. म्हणजे लोक काय म्हणतायत ते बघायचं असेल, तर अट एकच: आधी तुम्ही बोला. आपण मत फुकट दिलं असं आपल्याला वाटतं, पण तो चोख व्यवहार असतो. दुकानदाराने कुतूहल पुढे केलं आणि तुम्ही त्याची किंमत चुकवली.

आणि हा पडदा आपल्याला नवा आहे का? खरसुंडीला, पुसेगावला जत्रेत खिलार जनावरांचा बाजार भरतो. जुन्या पद्धतीच्या सौद्यात दलाल आणि गिऱ्हाईक एकमेकांचा हात हातात घेतात, वर रुमाल किंवा उपरणं टाकतात आणि आत बोटं दाबून भाव ठरतो. भोवती पन्नास माणसं उभी असतात, पण आकडा कुणालाच कळत नाही. पुढच्या गिऱ्हाइकाला मागच्याचा भाव कानावर पडत नाही, त्यामुळे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बैलाचे दात, खूर, वशिंड बघून स्वतःचाच हिशेब करावा लागतो.

प्रत्येकाने असा आपापला हिशेब केला तर काय होतं? १९०६ साली इंग्लंडमधल्या प्लिमथ गावच्या जत्रेत एक बैल उभा केला होता. तो कापून साफ केल्यावर किती वजन भरेल ते ओळखा, अशी पैज. सहा पेन्सचं तिकीट घ्यायचं आणि त्यावर आकडा लिहून द्यायचा. फ्रान्सिस गाल्टन नावाच्या शास्त्रज्ञाने नंतर ती तिकिटं मिळवली. वाचता येण्याजोगी ७८७ निघाली. त्यांत खाटीक होते, शेतकरी होते, आणि बैल फक्त चित्रात पाहिलेले हौशी लोकही असणारच. गाल्टनने सगळे आकडे चढत्या क्रमाने लावले आणि बरोबर मधला उचलला: १२०७ पौंड. बैल भरला ११९८ पौंड. आपल्या भाषेत, साडेपाचशे किलोच्या आसपासच्या वजनात जेमतेम चार किलोंची चूक! गर्दीला अक्कल नसते असं मानणाऱ्या गाल्टनलाच गर्दीने हा दणका दिला.

पण रुमाल काढला की ही जादू उडते, आणि ती किती उडते हे २००६ साली अमेरिकेत मोजून पाहिलं गेलं. सॅल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स या तीन संशोधकांनी इंटरनेटवर १४ हजारांहून जास्त लोकांपुढे ४८ अनोळखी गाणी ठेवली. काहींना नुसती गाणी दिसत होती. बाकीच्यांच्या आठ वेगवेगळ्या टोळ्या केल्या आणि आपापल्या टोळीत कोणतं गाणं किती जणांनी उतरवून घेतलं, तो आकडा त्यांना दाखवला. एकाच गाण्याची गत काय झाली ऐका. ज्यांना आकडे दिसत नव्हते त्यांच्यात ते २६वं आलं. एका टोळीत पहिलं. दुसऱ्या टोळीत चाळिसावं! गाणं तेच, कान तसेच. सुरुवातीला चार जणांनी कुठे मान डोलावली, एवढाच फरक.

आता गावाकडचा व्हॉट्सॲप ग्रुप डोळ्यांपुढे आणा. तिथल्या पोलला रुमाल नाही. मतं पडतील तशी मोजणी सगळ्यांना दिसते, आणि सहसा कुणी काय दाबलं हेही नावानिशी दिसतं. पतसंस्थेच्या चेअरमननी ‘मध्यम’ दाबलं, मग सरपंचांनी ‘मध्यम’ दाबलं, की पुढच्या वीस जणांच्या जिभेचं तिखट आपोआप उतरतं. दुकानदार खूश: शंभरातले नव्वद मध्यमवाले! त्याने लोकांची चव विचारली आणि त्याला उत्तर मिळालं ते लोकांच्या मानपानाचं. म्हणून मला विचाराल, तर खरंच काही जाणून घ्यायचं असेल तेव्हा झाकलेला पोल घ्यावा आणि नुसती गंमत, गलका हवा असेल तेव्हा उघडा.

इथवर आपण असं धरून चाललोय की प्रश्न विचारतात तो उत्तरासाठी. तिथेच तर खरी मेख आहे.

१९९३ साली मॉरविट्झ, जॉन्सन आणि श्मिटलाइन या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ४० हजारांहून जास्त लोकांची माहिती त्यात होती. काहींना साधा प्रश्न विचारला होता, तुमचा गाडी घ्यायचा विचार आहे का? काहींना विचारलाच नव्हता. पुढे कुणी खरोखर गाडी घेतली ते तपासलं, तर ज्यांना प्रश्न विचारला गेला त्यांच्यात गाडी घेणारे जास्त निघाले. सवलत नाही, जाहिरात नाही, सेल्समन नाही. नुसतं ‘घेणार का?’ असं विचारलं आणि गाड्या खपल्या!

असं का व्हावं? उत्तर द्यायचं म्हणजे क्षणभर ती वस्तू मनात आणावी लागते. ‘तिखट की मध्यम’ ठरवताना तुमच्या जिभेने दोन्ही भडंग चाखून पाहिलेले असतात. आणि हा प्रश्न किती हुशार आहे पाहा: ‘भडंग घेणार का?’ असं त्यात कुठेच नाही. घेणार हे धरूनच पुढचं विचारलंय. दाबल्यानंतर तुम्ही ‘तिखटवाले’ झालात, आणि माणूस एकदा बोलला की शब्दाला जागतो, मग तो शब्द अंगठ्याने का दिलेला असेना. दिवाळीच्या तोंडावर ‘चिवडा पातळ पोह्यांचा की भाजक्या पोह्यांचा?’ असं विचारणारी गृहउद्योगवाली ताई पाहणी करत नसते, ती विक्री करत असते. यात लबाडी आहे का? थोडी आहे. पण बाजारात पेरूची फोड चाखायला देणारी बाईही तेच करत असते, आणि तिच्यावर मी अजून कधी रागावलेलो नाही.

गिऱ्हाइकाला आपल्यात ओढून घेण्याची ही विद्या याच सांगली-साताऱ्याच्या मुलखात शंभर वर्षांपूर्वी कशी वापरली गेली ते पाहिलं की थक्क व्हायला होतं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात १९०३ साली लोखंडी नांगर बनवला. शेतकरी तो घेईनात. लोखंडाने जमीन बाधते, विषारी होते, अशी भीती. पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळची जमीन आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. निवडुंग आणि नाग यांनी भरलेल्या त्या माळावर १९१०च्या मार्चमध्ये किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. औंध आज सातारा जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी सांगलीत. तेव्हा दोन्हींचा राजा एकच.

बरं, माल तयार झाला. पण गिऱ्हाईक कुठे? शंभर गावांत विखुरलेलं, आणि मनात शंका बाळगून बसलेलं. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव चित्रकार होते, व्यंगचित्रं काढायचे, कारखान्याच्या जाहिराती सांभाळायचे. त्यांनी १९२० साली काय सुरू केलं? मासिक! ‘किर्लोस्कर खबर’. नांगर बनवणाऱ्या कारखान्याचं मासिक. आज ज्याला आपण कंपनीचं पेज म्हणतो, ते एका माळरानावरच्या छापखान्यातून पोस्टाने निघालं. कारखान्याच्या बातम्यांपासून सुरुवात झाली आणि बघता बघता त्यात उद्योग, आरोग्य, समाजसुधारणा, कथा, चित्रं सगळं आलं. १९२९ साली ते नुसतं ‘किर्लोस्कर’ झालं, १९३० साली ‘स्त्री’ निघालं, १९३४ साली ‘मनोहर’. नांगर कधीच न लागणाऱ्या घरांतही किर्लोस्कर हे नाव उंबरठा ओलांडून गेलं. आज हजार फॉलोअर झाले की केक कापणाऱ्यांनी त्या माळावर एकदा जाऊन यावं.

(जाता जाता एक गोष्ट, कारण ती सांगितल्यावाचून राहवत नाही. ज्या राजाने ती जमीन दिली, त्यानेच १९३९ साली गांधीजींच्या आणि मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरच्या सल्ल्याने स्वतःचा राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपवला. ७२ गावांचं संस्थान, आणि गावोगाव निवडून आलेल्या पंचायती. लोकांना विचारायची खोड त्या मातीतच असावी.)

मासिक घरी जात होतं, पण घरून उत्तर यायला टपालाचा वेळ लागायचा. तरी उत्तरं यायची, आणि किती यायची याचा अचंबा करायचा तर १९५२ साली सुरू झालेली ‘बिनाका गीतमाला’ आठवा. रेडिओ सिलोन, अमीन सयानींचा आवाज, आणि मागे कोण? दातांची पेस्ट! सुरुवातीला सात गाणी वाजवायची, ती कुठल्या क्रमाने प्रदर्शित झाली ते ऐकणाऱ्यांनी लिहून कळवायचं, बक्षीस शंभर रुपये. पत्रांचा आकडा चढत चढत आठवड्याला ६५ हजारांपर्यंत गेला. ती मोजता मोजता नाकी नऊ आले, तेव्हा क्रमवारीची पद्धत आली आणि गाण्यांच्या पायऱ्या सुरू झाल्या. तिथेही नुसत्या रेकॉर्डविक्रीवर भिस्त ठेवली नाही, गावोगावच्या श्रोता संघांचं मतही घेतलं. लोक कार्ड विकत घ्यायचे, लिहायचे, पेटीत टाकायचे. आणि आपण अंगठ्याने केलेल्या कामाला ‘एंगेजमेंट’ म्हणतो!

पण अंगठ्याकडे एक गोष्ट आहे जी पोस्टकार्डाकडे नव्हती. तो मागे फार बारीक माग सोडतो.

पुष्कळांना हे माहीतच नसतं: इन्स्टाग्रामच्या स्टोरीत तुम्ही काय दाबलंत ते दुकानदाराला तुमच्या नावासकट दिसतं. (एक्सवर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, दिसत नाही.) भडंगवाला रात्री दुकान बंद करून यादी उघडतो. ‘तिखट’खाली १४० नावं. त्यातली ओळखीची किती, पुण्याची किती, मागच्या महिन्यात पार्सल मागवलेली किती? चोवीस तासांत स्टोरी मावळते, म्हणून हे काम त्याच रात्री उरकलेलं बरं. सकाळी त्या १४० जणांपैकी निवडक लोकांना निरोप जातो, ‘दादा, कालचा तिखट घाणा तयार आहे, पाठवू?’ ज्याने स्वतःच ‘तिखट’ म्हटलं, तो नाही कसं म्हणेल?

आणि दुसरा माग त्याहून अदृश्य. कुणाची स्टोरी तुम्हाला आधी दाखवायची हे ठरवताना, तुम्ही त्या खात्याच्या स्टोऱ्या किती बघता, त्यांना प्रतिसाद देता का, तुमची जवळीक किती, हे बघतो असं इन्स्टाग्रामनेच जाहीर केलंय. म्हणजे परवा दाबलेल्या ‘तिखट’मुळे उद्या ती कढई तुमच्या सख्ख्या मामेभावाच्या साखरपुड्याच्या पुढे येऊन बसू शकते. तुम्ही मत दिलंत भडंगाला, यंत्राने नोंदवलं की ही दोघं एकमेकांची.

आता जरा गणित. भिऊ नका, शंभरापर्यंतच जायचंय. भडंगवाल्याला उत्साह आला आणि त्याने तीन पर्याय दिले: मध्यम, तिखट, झणझणीत. शंभर मतं पडली. मध्यम ४०, तिखट ३२, झणझणीत २८. कोण जिंकलं? मध्यम. त्याने घाण्यातलं तिखट कमी केलं. पण पुन्हा बघा: ६० जणांना तिखटाकडचंच हवं होतं! दोन तिखटांनी एकमेकांची मतं खाल्ली आणि मधल्या मधे मध्यमाचं फावलं. निवडणुकीत अपक्ष कशाला उभे करतात, हे सांगली-साताऱ्याच्या वाचकाला मी शिकवावं असं नाही. तोच डाव इथे कुणीही न खेळता आपोआप खेळला जातो. यावर उताराही त्याच फोनमध्ये आहे. व्हॉट्सॲपच्या पोलमध्ये बारापर्यंत पर्याय देता येतात आणि एकाहून जास्त निवडायची मुभा ठेवता येते. ‘जे जे चालेल ते ते दाबा’ म्हणायचं. मग तिखटवाला झणझणीतही दाबतो आणि साठ जण साठासारखे दिसतात. एक बटण चालू-बंद केल्याने निकाल उलटा होतो, आणि लोकांची चव मात्र तसूभरही हललेली नसते!

आकडा मोठा असला की तो खरा असणार, हा भ्रमही आपला फार आवडता. १९३६ साली अमेरिकेत ‘लिटररी डायजेस्ट’ नावाच्या साप्ताहिकाने राष्ट्राध्यक्ष कोण होणार याची चाचणी घेतली. सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. तेवीस लाखांवर परत आल्या. इतकी प्रचंड चाचणी! त्यांनी सांगितलं, लँडन जिंकणार. रूझवेल्ट ४८पैकी ४६ राज्यं घेऊन निवडून आले. आणि जॉर्ज गॅलप या जनमत चाचणीकाराने त्या मानाने मूठभर माणसं नीट निवडून, विचारून बरोबर भाकीत केलं होतं. डायजेस्टचं चुकलं कुठे? पत्ते घेतले होते टेलिफोनच्या याद्यांमधून, मोटारींच्या नोंदींतून, स्वतःच्या वर्गणीदारांतून. मंदीच्या दिवसांत ज्यांच्याकडे फोन आणि मोटार, त्यांनाच त्यांनी देश समजून घेतलं. त्यातही उलट टपाली मत कळवायची तळमळ असलेल्यांचीच पाकिटं परत आली. दोन वर्षांत साप्ताहिक बंद पडलं.

आपल्या भडंगवाल्याचे फॉलोअर कोण? बरेचसे गाव सोडून गेलेले. पुणे, मुंबई, बंगळुरू, एखादा न्यू जर्सी. त्यांना भडंग आठवतो तो कॉलेजच्या कट्ट्यावरचा, म्हणून ते हटकून ‘झणझणीत’ दाबतात. आणि रोज गल्ल्यावर वीस-पन्नासची नोट टाकून पाव किलो नेणारे काका? त्यांचं इन्स्टाग्रामवर खातंच नाही, पथ्यावर मात्र डॉक्टरांनी ठेवलंय. शिवाय दाबायला पैसे पडत नाहीत. ‘नाचणीचा भडंग आणू का?’ विचारा, ऐंशी टक्के ‘हो’ म्हणतील, कारण आरोग्याला ‘नाही’ कोण म्हणणार? सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा होतो तेव्हा बोली लावणाऱ्याला तेवढे पैसे मोजून पोती उचलावी लागतात, म्हणून त्या आकड्याला वजन असतं. मला वाटतं, पोलच्या टक्क्यांवरून घाणा ठरवणारा दुकानदार फसतो. नावांच्या यादीवरून गिऱ्हाईक ओळखणारा सहसा फसत नाही.

आणि विचारून ऐकलं नाही, तर? २०१६ साली ब्रिटनच्या एका सरकारी विज्ञान संस्थेने ध्रुवीय संशोधनाच्या नव्या जहाजासाठी नाव सुचवा, मत द्या, असा जाहीर पोल टाकला. कुणीतरी थट्टेने सुचवलं, ‘बोटी मॅकबोटफेस’. म्हणजे साधारण ‘होडूबाई होडीतोंडे’. मतं पडली १,२४,१०९! पहिला नंबर. सरकारची पंचाईत झाली. शेवटी जहाजाला निसर्ग-माहितीपटांचे बादशहा सर डेव्हिड ॲटनबरो यांचं नाव दिलं आणि लोकांचं मन राखायला त्यावरच्या छोट्या स्वयंचलित पाणबुडीला बोटी मॅकबोटफेस म्हटलं. ती पाणबुडी पुढच्याच वर्षी अंटार्क्टिकाजवळच्या खोल समुद्रात जाऊन मोजमापं घेऊन आली, अगदी गंभीर विज्ञान करून. आज जहाजाचं नाव विचारलं तर पुष्कळांना आठवणार नाही. होडूबाई सगळ्यांना ठाऊक.

तेव्हा साताऱ्याच्या एखाद्या पेढेवाल्याच्या मनात नव्या पेढ्याचं नाव फॉलोअरांना विचारायचं असेल, तर त्याने चार नावं स्वतःच ठरवून द्यावीत. ‘तुम्हीच सुचवा’ म्हणून रिकामी जागा ठेवली, तर सातारकर तिथे काय काय लिहितील याची मला चांगली कल्पना आहे. ती इथे छापता येण्यासारखी नाही.